मागच्या शॉकची स्प्रिंग कशी निवडायची: ऑफरोडला नवीन असणाऱ्यांसाठी

कंपनी बाईक बनवते तेव्हा मागच्या शॉकची स्प्रिंग कुठल्यातरी एका वजनासाठी ठरवावीच लागते, आणि ते वजन तुमचं असेलच असं नाही. आपल्याकडे तर तीच बाईक सोमवारी ऑफिसला जाणार, शनिवारी डबलसीट गावाला जाणार आणि रविवारी मावळातल्या नाहीतर मुळशीतल्या कच्च्या वाटेला लागणार, त्यामुळे स्प्रिंग सगळ्यांना चालेल अशी मधली ठेवलेली असते. ५५ किलोचा पोरगा आणि ९५ किलोचा दादा दोघं शोरूममधून अगदी सारखी स्प्रिंग घेऊन बाहेर पडतात. डांबरी रस्त्यावर दोघांचंही निभावतं. दगडी चढ लागला की मात्र हलक्या पोराचं मागचं चाक दगडादगडावरून उडत राहतं, ग्रिप मिळत नाही, आणि दादाची बाईक मागून बसते, पुढचं चाक हलकं होतं, हँडल वळवलं तरी बाईक सरळच जायला बघते.

मग बहुतेक जण गॅरेजला जातात आणि मेकॅनिक शॉकची रिंग दोन-चार खाचा आवळून देतो, म्हणतो घ्या, कडक केलं. नवीन लोकांची गाडी नेमकी इथेच अडकते म्हणून सगळ्यात आधी तेच सांगतो: रिंग आवळून स्प्रिंग कडक होत नाही. स्प्रिंग तीच राहते, फक्त ती काम कुठून सुरू करणार ती जागा बदलते.

रिंग नक्की काय करते

स्प्रिंगचा कडकपणा न्यूटन पर मिमी मध्ये मोजतात. समजा ८० ची स्प्रिंग आहे, म्हणजे ती एक मिमी दाबायला ८० न्यूटन जोर लागतो, साधारण ८ किलो वजनाइतका. पुढचा एक मिमी दाबायला अजून ८०, त्यापुढे अजून ८०. रिंग आवळली म्हणजे स्प्रिंग बसल्या जागी थोडी आधीच दाबून ठेवली, यालाच प्रीलोड म्हणतात. १० मिमी प्रीलोड दिला तर ८०० न्यूटन लागेपर्यंत शॉक हलणारच नाही, पण एकदा हलायला लागला की दर मिमीला परत तेच ८०. सीटवर हाताने दाबून बघितलं की कडक लागतं ते या सुरुवातीच्या जोरामुळे, आणि त्यामुळेच फसायला होतं. खरा बदल झालेला असतो तो फक्त बाईकच्या उंचीत, मागची बाजू वर आलेली असते.

काही जुन्या स्प्रिंगांवर आणि इंपोर्टेड स्प्रिंगांवर आकडा किलो पर मिमी किंवा पाउंड पर इंचमध्येही असतो. १ किलो पर मिमी म्हणजे ९.८ न्यूटन पर मिमी म्हणजे साधारण ५६ पाउंड पर इंच, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

आधी स्वतःचं वजन करा, आणि खरं करा

अंघोळीनंतरचं वजन नको. हेल्मेट, आर्मर, नी गार्ड, ऑफरोडचे बूट, पाठीवरची पाण्याची पिशवी भरून, खिशातलं सगळं, अगदी ज्या अवतारात वाटेला लागता त्या अवतारात काट्यावर उभे राहा. पूर्ण गिअरचं १० किलोच्या आसपास सहज होतं आणि स्प्रिंगच्या निवडीत १० किलो म्हणजे बऱ्याचदा अख्खी एक पायरी असते. मोटोक्रॉस बाईकच्या मॅन्युअलमध्ये स्प्रिंगचा जो तक्ता येतो तोही साधारण १०-१० किलोच्या गटांनीच दिलेला असतो आणि एका गटातून दुसऱ्यात जाताना स्प्रिंग २ ते ३ न्यूटन/मिमीने बदलते.

बाईकवर कायम काय बसवलेलं आहे तेही बघा. क्रॅशगार्ड, कॅरिअर, मागची बॅग. मागच्या एक्सलच्याही मागे टांगलेलं सामान स्प्रिंगवर त्याच्या वजनापेक्षा जास्त भार टाकतं, त्यामुळे स्पिती-लडाखला १५ किलोची बॅग मागे बांधून जाणाऱ्याची स्प्रिंग आणि रविवारी मोकळ्या बाईकवर वाटा तुडवणाऱ्याची स्प्रिंग वेगळी निघू शकते, माणूस तोच असला तरी. कुठला वापर जास्त आहे ते आधीच ठरवा, दोन्हीला परफेक्ट अशी एक स्प्रिंग मिळत नाही. जास्तीचा वापर धरून स्प्रिंग घ्यायची आणि उरलेल्या वेळी रिंगवर भागवायचं.

पेट्रोल अर्धी टाकी धरा. एक्सपल्ससारख्या १३ लिटरच्या टाकीत भरलेलं पेट्रोल १० किलोच्या जरा आतच असतं, म्हणजे अर्धं धरलं की दोन्ही टोकांना फार फरक पडत नाही.

मोजमाप

सामान काही महाग नाही. मेझर टेप, मास्किंग टेप, पेन, वही आणि दोन मित्र. सॅग, म्हणजे वजनाने बाईक मागून किती बसते ते, एकट्याने मोजायच्या भानगडीत पडू नका, बाईक धरू की टेप धरू यात आकडा चुकतोच.

मोजण्याआधी एक गोष्ट नक्की बघा. मागचं चाक वर उचलून टायर हाताने वर-खाली करा, कुठे खडखड किंवा अडकल्यासारखं वाटतंय का. हिमालयनसारख्या ज्या बाईकला लिंकेज, म्हणजे शॉक आणि स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) यांना जोडणारी पट्ट्यांची जोडणी, आहे त्यात छोट्या छोट्या बेअरिंग असतात, आणि आपल्याकडचा एक पावसाळा, दोन-चार ओढे आणि वर प्रेशर वॉशर एवढं झालं की त्यातलं ग्रीस धुऊन जातं. बेअरिंग जाम झाली असेल तर स्प्रिंग कितीही बरोबर असली तरी आकडा चुकीचाच येणार. ग्रीसिंग करून घ्या, मग मोजा. शॉकच्या रॉडवर तेल ओलं दिसत असेल तर सील गेलंय, आधी शॉकची दुरुस्ती, स्प्रिंगचं नंतर. आणि बाईक धुऊन घ्या, काळी माती मडगार्डखाली आणि इंजिनखालच्या बॅश प्लेटवर किती साचते ते ज्याने बघितलंय त्याला वेगळं सांगायला नको.

आता मागच्या एक्सलच्या नटच्या मधोमध वरती, साईड पॅनलवर नाहीतर मागच्या मडगार्डवर मास्किंग टेपचा तुकडा लावा आणि त्यावर पेनाने बारीक रेघ मारा. एक्सलच्या जितकी बरोब्बर वर तितकं चांगलं. तिन्ही मापं याच रेघेपासून एक्सलच्या मध्यापर्यंत घ्यायची. एक्सलपासून मोजतोय म्हणून टायरमधल्या हवेचा इथे संबंध येत नाही.

पहिलं माप चाक हवेत असताना. बाईकला डबल स्टँड असेल तर सोपं आहे, नसेल तर बॅश प्लेटखाली मजबूत क्रेट किंवा ठोकळा. एवढंही नसेल तर एकाने बाईक साईड स्टँडवर आपल्याकडे ओढून मागचं चाक जमिनीपासून सुटेपर्यंत कलती धरायची आणि दुसऱ्याने पटकन माप घ्यायचं. पॅडॉक स्टँड जो स्विंगआर्मला धरतो तो इथे उपयोगाचा नाही, कारण त्यात चाक उचललं तरी शॉक दबलेलाच राहतो.

दुसरं माप बाईक जमिनीवर, सरळ उभी, वर कोणी नाही. एकाने हँडलपाशी फक्त तोल धरायचा, भार टाकायचा नाही.

तिसरं माप तुम्ही पूर्ण गिअरमध्ये बाईकवर, दोन्ही पाय फुटपेगवर, नेहमीच्या जागेवर, दोन-तीनदा बाईक दाबून सोडायची आणि मग शांत बसायचं. मित्राने पुढून हँडल धरायचं. काही जण उभं राहून मोजतात, तेही चालतं, पण मग प्रत्येक वेळी उभं राहूनच मोजा, कारण फुटपेगवर उभं राहिलं की वजन जरा पुढे जातं आणि आकडा बदलतो.

दुसऱ्या आणि तिसऱ्या मापात एक बारकावा आहे जो सोडू नका. सील आणि बुशिंगच्या घर्षणामुळे शॉक नेमक्या एका जागी थांबत नाही. म्हणून मागून बाईक थोडी वर उचलून हळू सोडायची आणि मोजायचं, मग थोडी खाली दाबून हळू सोडायची आणि परत मोजायचं. दोन आकड्यांत काही मिमीचा फरक येईल, मधला धरायचा. फरक खूपच मोठा आला तर कुठेतरी काहीतरी अडकतंय, परत लिंकेजकडे जा.

पहिल्यातून दुसरं वजा केलं की फ्री सॅग, म्हणजे बाईक स्वतःच्या वजनाने किती बसली. पहिल्यातून तिसरं वजा केलं की रायडर सॅग, म्हणजे तुमच्यासकट किती बसली. दोन्ही वहीत लिहा, तारीख घालून, रिंग कुठल्या खाचेवर आहे तेही लिहा.

आकडे किती यायला हवेत

हे बाईकच्या मागच्या ट्रॅव्हलवर, म्हणजे मागचं चाक एकूण किती वर-खाली होऊ शकतं त्यावर, अवलंबून आहे. ऑफरोडसाठी रायडर सॅग ट्रॅव्हलच्या साधारण एक तृतीयांश आणि फ्री सॅग साधारण दहावा भाग, हा नवीन माणसासाठी चांगला आधार आहे. ३०० मिमीच्या आसपास ट्रॅव्हल असलेल्या मोटोक्रॉस बाईकला रायडर सॅग १०० च्या जवळ आणि फ्री सॅग ३० ते ४० धरतात ते याच हिशोबाने. एक्सपल्स २०० ला मागे १७० मिमी ट्रॅव्हल आहे म्हणजे रायडर सॅग ५० ते ५७ आणि फ्री सॅग १७ च्या आसपास. तिचंच रॅली किट लावलेलं असेल तर मागे २२० मिमी, म्हणजे ६६ ते ७३ आणि २२. हिमालयन ४५० ला २०० मिमी, तिथे ६० ते ६६ आणि २०. तुमच्या बाईकच्या मॅन्युअलमध्ये सॅगचा आकडा दिला असेल तर माझा आधार बाजूला ठेवा आणि तोच घ्या. केटीएमच्या ईएक्ससीसारख्या लिंकेज नसलेल्या एन्ड्युरो बाईकला कंपनी थोडा वेगळा आकडा देते आणि त्यामागे कारण असतं.

इतकं सगळं कशासाठी? चाक फक्त उंचवट्यावर वर जायला नसतं, खड्ड्यात खाली उतरायलाही हवं. सॅग ही ती खाली उतरायची जागा आहे. सॅग कमी असेल तर छोट्या खड्ड्यावर चाक हवेत राहतं, ब्रेक मारताना मागची बाजू नाचते, हँडल वळवळतं. जास्त असेल तर बाईक मागे झुकलेली, पुढच्या फोर्कचा उभेपणा कमी होऊन स्टिअरिंग जड आणि आळशी, आणि मोठ्या दगडावर शॉक तळाला आपटतो.

आता महत्त्वाचं: कुठली स्प्रिंग हवी ते कसं कळणार

आधी रिंग फिरवून रायडर सॅग बरोबर करून घ्या. मग फ्री सॅग परत मोजा. हा दुसरा आकडा स्प्रिंगबद्दल खरं सांगतो, आणि तो जे सांगतो ते पहिल्यांदा ऐकताना उलटं वाटतं.

रायडर सॅग बरोबर पण फ्री सॅग खूप कमी, बाईक स्वतःच्या वजनाने जेमतेम बसते: स्प्रिंग तुमच्यासाठी मऊ आहे. तुमचं वजन पेलायला रिंग इतकी आवळावी लागली की बाईकच्या एकटीच्या वजनाने आता ती दबेनाशी झाली.

रायडर सॅग बरोबर पण फ्री सॅग खूप जास्त: स्प्रिंग तुमच्यासाठी कडक आहे. ती इतकी कडक की रिंग जवळजवळ सैल सोडल्यावर कुठे तुमच्या वजनाला बसली, आणि सैल सोडल्यामुळे बाईक एकटीच भरपूर बसते.

फ्री सॅग कमी आलेला बघून, अरे बाईक बसतच नाही म्हणजे स्प्रिंग कडक दिसते, असं म्हणून अजून मऊ स्प्रिंग मागवणारे लोक असतात. म्हणून हे दोन परिच्छेद शांतपणे परत वाचा.

एक उदाहरण घेऊ, आकडे समजावण्यापुरते आहेत. ट्रॅव्हल १७०. चाक हवेत ५६०, बाईक एकटी ५४०, माणूस बसून ४९२. फ्री सॅग २०, रायडर सॅग ६८. रायडर सॅग ट्रॅव्हलच्या ४० टक्के, जास्त आहे. रिंग आवळली, मागची बाजू १४ मिमी वर आली. आता रायडर सॅग ५४, एकदम बरोबर. पण फ्री सॅगही १४ नेच कमी झाला आणि उरला ६. म्हणजे स्प्रिंग मऊ.

यात एक छान गोष्ट लपलेली आहे. रिंग फिरवण्याआधी दोन सॅगमधला फरक ६८ वजा २०, म्हणजे ४८. फिरवल्यावर ५४ वजा ६, परत ४८. रिंग काहीही करा, हा फरक हलत नाही, कारण हा फरक म्हणजे फक्त तुमच्या वजनाने स्प्रिंग किती दबली तो आकडा, त्यात प्रीलोडचा हात नाही. मग हाच फरक वापरून नवीन स्प्रिंगचा अंदाज काढता येतो. हवा असलेला फरक किती? रायडर सॅग ५७ आणि फ्री १७ धरले तर ४०. आपला येतोय ४८. ४८ भागिले ४० म्हणजे १.२, म्हणजे आत्ताच्या स्प्रिंगपेक्षा साधारण २० टक्के कडक स्प्रिंग हवी. आत्ताची ७० ची असेल तर ८४ च्या जवळची शोधायची. फरक हव्यापेक्षा कमी आला तर उत्तर १ च्या खाली येईल आणि मऊ स्प्रिंग घ्यायची.

दोन अटी आहेत. फ्री सॅग शून्य असेल, म्हणजे बाईक अजिबात बसत नसेल, तर हे गणित लागू नाही, आधी रिंग सैल करून थोडा तरी फ्री सॅग येऊ द्या. आणि लिंकेजवाल्या बाईकमध्ये किंवा प्रोग्रेसिव्ह स्प्रिंगमध्ये शॉक जसा दबतो तसा कडक होत जातो, तिथे हे उत्तर अंदाजाचं समजा. पण अंदाजाचं म्हणजे निरुपयोगी नव्हे, ८४ हवी की १०० हवी एवढं तरी नक्की कळतं, आणि मित्राने सांगितलेल्या आकड्यापेक्षा हे कितीतरी बरं.

दुसऱ्याच्या बाईकची स्प्रिंग का चालत नाही

चाक २०० मिमी वर जातं तेव्हा शॉक २०० मिमी दबत नाही, तो ७० वगैरे दबतो. हा रेशो साधारण पावणेतीन-तीन असतो आणि प्रत्येक बाईकचा वेगळा. चाकापाशी जाणवणारा कडकपणा काढायला स्प्रिंगच्या आकड्याला रेशोच्या वर्गाने भागायचं. रेशो ३ असेल तर ९० ची स्प्रिंग चाकापाशी १० ची वाटते. रेशो अडीच असेल तर तीच ९० ची स्प्रिंग १४ च्या पुढे जाते. म्हणून एका बाईकला ४५ ची स्प्रिंग कडक असते आणि दुसरीला ९० ची मऊ, नुसते आकडे शेजारी ठेवून काही कळत नाही. कुणी म्हणालं मी ८५ ची टाकलीये, भारी चालते, तर त्याची बाईक तीच आहे का, वर्ष तेच आहे का, लिंकेज बदललंय का आणि त्याचं गिअरसकट वजन किती, एवढं विचारल्याशिवाय पैसे काढू नका.

हाच रेशो रिंग फिरवताना पण लक्षात ठेवा. रिंगने स्प्रिंग १ मिमी दाबली की चाकापाशी सॅग ३ मिमी बदलतो. त्यामुळे आट्यांच्या (स्क्रूसारख्या फिरणाऱ्या) रिंगवर अर्धा फेरा पण बराच असतो, थोडं फिरवा, बाईक दाबून सोडा, परत मोजा.

आणि उडी मारणाऱ्या बाईकची नक्कल नको. २०२४ च्या जानेवारीत पुण्यात बालेवाडीला सुपरक्रॉस लीगची फेरी झाली तेव्हा अनेकांनी त्या बाईक जवळून पाहिल्या, घराएवढ्या उंच उडून उतरणाऱ्या. सुपरक्रॉसचं सेटअप मुद्दाम खूप कडक असतं. सुट्या दगडांच्या चढावर, झाडांच्या मुळांवर, कोकणातल्या ओल्या जांभ्यावर हळू चालवताना ते सेटअप चाकाला जमिनीला धरूच देणार नाही. दोन पायऱ्यांच्या मधे अडकलात आणि तुमचं रायडिंग हळू, तांत्रिक वाटांचं असेल तर मऊ बाजूची घ्या, स्पीड आणि उड्या असतील तर कडक बाजूची.

आत्ताची स्प्रिंग कितीची आहे ते शोधणं

मोटोक्रॉस बाईकच्या आणि आफ्टरमार्केट स्प्रिंगवर आकडा छापलेला किंवा कोरलेला असतो. आपल्याकडच्या स्टॉक बाईकवर बऱ्याचदा नुसता रंगाचा ठिपका असतो, त्यातून काही कळत नाही. सस्पेन्शनचं काम करणाऱ्या चांगल्या वर्कशॉपमध्ये स्प्रिंग टेस्टर असतो, त्यावर दाबून आकडा मिळतो, हा सगळ्यात खात्रीचा मार्ग.

ते जमत नसेल तर गणिताने जवळपास जाता येतं. तारेची जाडी मिमीमध्ये मोजा, तिचा चौथा घात करा, ७८,५०० ने गुणा. हे वरचं झालं. खालच्या बाजूला ८ गुणिले स्प्रिंगच्या सरासरी व्यासाचा घन गुणिले मोकळ्या वेढ्यांची संख्या. सरासरी व्यास म्हणजे बाहेरच्या व्यासातून एक तारजाडी वजा. मोकळे वेढे म्हणजे दोन्ही टोकांचे बसलेले वेढे सोडून बाकीचे. ११ मिमी तार, ६२ मिमी सरासरी व्यास आणि ७ मोकळे वेढे असतील तर उत्तर ८६ येतं. तार १२ ची असती तर १२२. एका मिमीत एवढा फरक, कारण चौथा घात. म्हणूनच पट्टीने मोजू नका, व्हर्निअर वापरा, आणि रंगाचा थर लक्षात घ्या, जाडी ०.२ मिमी चुकली तरी उत्तर ७ टक्क्यांनी चुकतं.

हाच फॉर्म्युला सांगतो की वेढे कमी केले की स्प्रिंग कडक होते, आणि तिथून काही गॅरेजमध्ये स्प्रिंग कापून देतात. हे करू नका. कापलेलं टोक सपाट बसत नाही, स्प्रिंग वाकडी दबते, लांबी कमी होते, आणि गॅस कटरने कापली असेल तर तिथलं स्टील गरम होऊन त्याचा ताव उतरलेला असतो. वाटेत कुठेतरी दरीच्या बाजूला ती तुटली तर काय होईल याचा विचार करा. स्प्रिंगखाली वॉशर घालून पॅकिंग देतात तेही शेवटी प्रीलोडच, त्याने कडकपणा बदलत नाही.

खरेदी करताना

कडकपणा बरोबर असून चालत नाही, स्प्रिंग तुमच्या शॉकवर बसायला पण हवी. आतला व्यास, मोकळी लांबी आणि पूर्ण दबल्यावरची लांबी, हे तीन आकडे विक्रेत्याला विचारा, देता येत नसतील तर दुसरा विक्रेता बघा. पूर्ण दबल्यावरचा हिशोब महत्त्वाचा: २०० मिमीची स्प्रिंग वेढ्याला वेढा टेकून ९३ वर येत असेल तर तिला दबायला १०७ मिमी आहेत. शॉकचा स्ट्रोक (शॉक स्वतः जास्तीत जास्त किती दबतो ते) ७५ आणि प्रीलोड १० मिळून ८५ लागतात, म्हणजे चालेल. हे उलटं झालं तर शॉक तळाला जायच्या आधी वेढे एकमेकांवर आपटतात आणि माउंटिंग तुटू शकतं.

लिनिअर (दर मिमीला सारखाच जोर लागणारी) की प्रोग्रेसिव्ह हा प्रश्न येतोच. प्रोग्रेसिव्ह सुरुवातीला मऊ आणि पुढे कडक होत जाते, कधी एकटे कधी सामानासकट असा वापर असेल तर ती सोयीची आहे, हायपरप्रो कंपनीचं नाव याच कामासाठी घेतलं जातं. माझं मत विचाराल तर जी बाईक एकटाच माणूस चालवतो आणि जिला लिंकेज आहे तिला लिनिअर घ्या, पुढे कडक होण्याचं काम लिंकेज करतंच, आणि लिनिअरवर सॅगचे आकडे वाचायला सोपे जातात.

अख्खा नवीन शॉक घ्यायचा की नुसती स्प्रिंग? स्टॉक शॉकला रिबाउंड ॲडजस्टर (दबलेला शॉक किती वेगाने परत उघडतो ते ठरवणारा स्क्रू) नसेल आणि तुम्हाला २०-२५ टक्के कडक स्प्रिंग लागत असेल तर नुसत्या स्प्रिंगवर थांबू नका. कडक स्प्रिंग जास्त जोरात उलटी फेकते आणि जुनं डॅम्पिंग, म्हणजे शॉकमधल्या तेलाचा अडथळा, ती फेक रोखायला कमी पडतं, मग उंचवट्यावरून उतरताना सीट पाठीला लाथ मारल्यासारखी वर येते. अशा वेळी शॉकमधलं डॅम्पिंग बदलून घ्या किंवा तुमच्या वजनाची स्प्रिंग लावून मिळणारा ॲडजस्टेबल शॉक घ्या. ऑर्डर देताना गिअरसकट वजन, सामान आणि वापर स्पष्ट सांगा. एक-दोन पायऱ्यांचाच बदल असेल तर स्प्रिंग पुरते.

बसवणं

आट्यांची रिंग असलेला शॉक बाईकवरून काढला, आटे वायर ब्रशने साफ केले, गंज सोडवायचा स्प्रे मारला, वरची लॉक रिंग हुक पान्याने सोडवली आणि खालची रिंग पूर्ण वर नेली की बहुतेक वेळा स्प्रिंग हाताने फिरण्याइतकी सैल होते, मग खालची अडक काढून ती बाहेर येते. आटे साफ न करता रिंगवर छिन्नी-हातोडा चालवू नका, ॲल्युमिनियमच्या खाचा लगेच तुटतात.

खाचांची रिंग असेल तर गोष्ट वेगळी. तिथे रिंग सगळ्यात सैल खाचेवर असली तरी स्प्रिंग दाबलेलीच असते आणि तिला स्प्रिंग कॉम्प्रेसर लागतो. हे घरी दोऱ्या-क्लॅम्प लावून करायचं काम नाही, सुटलेली स्प्रिंग तोंड फोडते. वर्कशॉपमध्ये करून घ्या. आणि शॉकमध्ये किंवा शेजारच्या डबीत हाय प्रेशर नायट्रोजन असतो, तो भाग कुणालाही सहज म्हणून उघडू देऊ नका.

नवीन स्प्रिंग बसवताना ती पूर्ण सैल असताना लांबी मोजा, मग रिंग आवळून परत मोजा, दोन्हीतला फरक म्हणजे प्रीलोड. १० मिमीच्या आसपासपासून सुरुवात करा. सॅग बरोबर करायला १५ च्या पुढे जावं लागलं तर स्प्रिंग अजून मऊच पडतेय, ३-४ च्या खाली आलात तर कडक. लॉक रिंग आवळायला विसरू नका.

बसवल्यानंतर

तिन्ही मापं परत घ्या, अगदी पहिल्यापासून. नवीन स्प्रिंग थोडी चालल्यावर जागेवर बसते म्हणून दोन-तीन राईडनंतर अजून एकदा मोजा. चेनचा सैलपणा तपासा, मागची उंची बदलली की तो बदलतो. साईड स्टँडवर बाईक जास्त कलायला लागली असेल तर मऊ मातीत ती पडू शकते, स्टँडखाली रुंद पट्टी लावून घ्या. हेडलाईट खाली गेला असेल तर वर घ्या.

रिबाउंडचा स्क्रू असेल तर कडक स्प्रिंगला तो जरा जास्त लागतो, मऊ स्प्रिंगला कमी. एका वेळी दोनच क्लिक, आणि त्याच रस्त्याच्या त्याच तुकड्यावर परत चालवून बघायचं. बाईक उंचवट्यावरून उडी मारल्यासारखी उलटतेय तर वाढवा, सलग खड्ड्यांवर मागची बाजू खाली खाली बसत चाललीये तर कमी करा, कारण शॉक परत वर यायच्या आत पुढचा खड्डा येतोय.

पुढचा फोर्क विसरू नका. तुमच्या वजनाला मागची स्प्रिंग मऊ होती तर पुढचीही बहुतेक मऊच असणार. मागची एकटी कडक केली की बाईक पुढे झुकते, उतारावर ब्रेक मारला की नाक आपटतं आणि हँडल झटके देतं. बजेट नसेल तर आधी मागची करा, थोडे दिवस जपून चालवा आणि मग पुढची, पण ती यादीत ठेवा.

पहिल्या खऱ्या राईडनंतर शॉकच्या रॉडवरचा रबरी बंप स्टॉप बघा. रॉडवर धुळीची रेघ कुठपर्यंत पुसली गेलीये आणि रबर किती दबून सरकलंय त्यावरून ट्रॅव्हल किती वापरला ते कळतं. दिवसभरात सगळ्यात मोठ्या फटक्याला एक-दोनदा तळ गाठला तर ते बरोबर आहे, दिलेला ट्रॅव्हल वापरायलाच आहे. प्रत्येक मध्यम दगडावर ठप्प आवाज येत असेल आणि सॅगचे दोन्ही आकडे मात्र बरोबर असतील, तर आता स्प्रिंगला हात लावू नका, कॉम्प्रेशन डॅम्पिंग (शॉक दबताना होणारा अडथळा) वाढवा. आणि दिवसभर दगडात फिरूनही अर्धा ट्रॅव्हल तसाच कोरा राहिला असेल तर तेच कॉम्प्रेशन कमी करून परत त्याच वाटेला जा.